यावरून सिद्ध करा

गणिताच्या पदवीच्या प्रवेशासाठी विद्यापीठात मुलाखत होती. खोलीत दोघं होते. एक सर टेबलाशी, एक बाई खिडकीजवळ खुर्ची ओढून बसलेल्या. माझ्यापुढे कोरे कागद आणि टोक काढून ठेवलेल्या दोन पेन्सिली. प्रश्न एका ओळीत मावणारा होता. अ आणि ब या दोन वेगवेगळ्या धन पूर्णांक संख्या अशा शोधा, की अ चा ब वा घात आणि ब चा अ वा घात सारखेच येतील.

मी १८ वर्षांची होते आणि उत्तर मला लगेच दिसलं. दोन आणि चार. दोनचा चौथा घात सोळा, चारचा वर्गही सोळा. मी ते बोलून टाकलं आणि खुर्चीत जरा मागे टेकून बसले. टेबलाशी बसलेल्या सरांनी मान डोलावली आणि विचारलं, "छान. आणखी?"

शाळेत मला असं कुणी विचारलं नव्हतं. शाळेत उत्तर आलं की प्रश्न संपायचा, खाली दोन रेघा मारायच्या आणि पुढचं उदाहरण घ्यायचं. इथे उत्तर आल्यावर प्रश्न सुरू झाला होता. आणखी जोड्या आहेत का? नसतील, तर नाहीतच हे कशावरून?

मी कागदावर लिहायला लागले. डोक्यात एक वाट होती. मोठी संख्या लहान संख्येच्या पटीत असणार असं वाटत होतं. तसं असेल तर ब च्या जागी क गुणिले अ लिहायचं, की बरंचसं आपोआप गळून पडतं आणि एवढंच उरतं: अ चा (क वजा १) वा घात बरोबर क. हे समीकरण फार टिकत नाही. घात भराभर वाढतात आणि क बिचारा एकेका पावलानं चालतो. अ दोन आणि क दोन असतानाच दोघं एका रेषेत येतात. सगळं जमत होतं. अडत होतं ते पहिल्याच पायरीवर: मोठी संख्या लहानीच्या पटीत असलीच पाहिजे, हे का?

तीन-चार मिनिटं गेली असतील. मी एक शब्दही बोलले नव्हते. खिडकीजवळच्या बाई पुढे वाकून म्हणाल्या, "अ असलेलं सगळं एका बाजूला आणि ब असलेलं सगळं दुसऱ्या बाजूला आणता येईल का, बघ."

मी काय म्हणाले ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. मी मान वर न करता म्हणाले, "नको, मला येतंय."

येत नव्हतं. आणखी पाचेक मिनिटं मी त्याच पायरीवर डोकं आपटत राहिले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, हे मला न बघताही कळलं. मग सर अगदी सौम्यपणे म्हणाले, "चला, दुसरं काहीतरी बघू."

परतीच्या प्रवासात, अर्ध्या वाटेत, मी तिकिटाच्या मागच्या बाजूला त्या बाईंची सूचना लिहून काढली. दोन्ही बाजूंचा लॉग घेतला, दोन्ही बाजूंना अ गुणिले ब नं भागलं आणि समोर आलं: लॉग अ भागिले अ बरोबर लॉग ब भागिले ब. म्हणजे एकच फल (फंक्शन) दोन ठिकाणी सारखी किंमत घेतंय. त्याचा आलेख काढायला अर्धा मिनिट लागतो. एकपाशी तो शून्यावर असतो, तिथून चढत ई या संख्येपाशी, म्हणजे २.७१८ च्या आसपास, शिखर गाठतो आणि मग कायमचा उतरणीला लागतो, पण परत शून्याला कधी टेकत नाही. सारख्या उंचीच्या दोन जागा हव्यात तर एक चढावर हवी, एक उतारावर. चढावर, एक आणि २.७१८ यांच्यामध्ये, पूर्णांक आहेच किती? एकुलता एक दोन. त्याचा जोडीदार चार. संपलं. बाहेर काळोख होता, खिडकीच्या काचेत माझाच चेहरा दिसत होता आणि तो बघण्यासारखा नव्हता.

पत्र काही आठवड्यांनी आलं. दोन परिच्छेदांचं, सभ्य, नकाराचं.

त्या विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. त्यांच्याबद्दल माझी तक्रारही नाही. ते नाव घरात बरीच वर्षं कुणी उच्चारत नसे, एवढं मात्र खरं. आज इतक्या वर्षांनी हे लिहायला बसले, कारण गेली काही वर्षं मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसते. गणिताच्या पदवीसाठी अवघड ठिकाणी अर्ज करणारी मुलं माझ्याकडे येतात. त्यांची निवेदनं मी वाचते, मॉक इंटरव्ह्यू घेते, आणि दर वर्षी त्यांच्यातल्या निदान एकाच्या तोंडून ते वाक्य ऐकते. नको, मला येतंय.

*

हिंट घेणं हा आमच्या वर्गात कमीपणा होता. गणितात हुशार म्हणून ओळखली जाणारी पोरं वर्गात एकमेकांना बजावून ठेवायची, "सांगू नकोस हं." सर फळ्यावर अवघड उदाहरण लिहायचे आणि आम्ही कोपरानं वही झाकून घ्यायचो. कुणी उत्तर फोडलं तर त्या उदाहरणाची चव गेली म्हणून खरोखर चिडायचो. यात वाईट काही नव्हतं, उलट गणिताची गोडी मला त्यातूनच लागली. एकटीनं सुटलेल्या गणिताचा आनंद ज्याला ठाऊक आहे त्याला हे समजावून सांगायला नको. पण त्या आनंदाच्या पोटात एक हिशेब हळूच तयार होत गेला: दुसऱ्यानं एक शब्द जरी सांगितला तरी गणित आपलं राहिलं नाही. आणि ज्याला सांगावं लागतं, तो आपल्यातला नाही.

हा हिशेब घेऊन मी अर्ज भरला. अर्जाबरोबर स्वतःबद्दल निवेदन लिहायचं असतं. ब्रिटनमध्ये जवळजवळ सगळ्या विद्यापीठांचे पदवीचे अर्ज यूकास या एकाच संस्थेमार्फत जातात आणि तिथे कितीतरी वर्षं या निवेदनाला ४,००० अक्षरांची मर्यादा होती, मोकळ्या जागा धरून. आता त्या एका लांबलचक मजकुराच्या जागी तीन प्रश्न आले आहेत: हा विषय का, शिक्षणातून तयारी काय झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलं. बदल चांगला आहे, कारण मोकळं मैदान दिलं की प्रत्येक जण एकाच गोठ्यात जाऊन उभा राहतो. माझ्या निवेदनात रामानुजन आणि त्यांची ती प्रसिद्ध संख्या, १७२९, होते. अनंत होतं. लहानपणापासून आकड्यांशी मैत्री होती. मूळ संख्या अनंत असल्याची युक्लिडची सिद्धता होती आणि तिला मी 'सुंदर' म्हटलं होतं.

मुलाखतीच्या सुरुवातीला बाईंनी त्याच शब्दावर बोट ठेवलं. "सुंदर म्हणतेस, ती नेमकी कुठल्या पायरीवर?" मला वाटलं त्या चेष्टा करतायत. आज मी तोच प्रश्न मुलांना विचारते आणि त्यात चेष्टेचा अंशही नसतो. सगळ्या मूळ संख्यांची यादी आपल्याकडे आहे असं धरायचं, त्यांचा गुणाकार करून त्यात एक मिळवायचा. आता ही नवी संख्या यादीतल्या कुठल्याही संख्येनं भागली तर बाकी एक उरते. सौंदर्य असेल तर त्या मिळवलेल्या एकात आहे. हे म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "एकूणच."

मुलांना मी आता सांगते की निवेदनात एक तरी गणित असं लिहा, ज्यात तुम्ही सपशेल अडकला होतात. कुठे अडकलात, किती दिवस, मग काय करून पाहिलं. सुटलं नसेल तरी लिहा. पालकांना हे मुळीच पटत नाही. एका वडिलांनी मला सरळ विचारलं होतं, "मॅडम, अर्जात आपणच आपली कच्ची बाजू कशाला सांगायची?" त्यांना द्यायला माझ्याकडे पटणारं उत्तर नव्हतं. मुलानं शेवटी ऑलिंपियाडचे क्रमांक लिहिले. तेही चालतं.

*

मुलाखतीच्या आधी मी तयारी म्हणून केंब्रिजचे स्टेपचे जुने पेपर सोडवत असे. ही परीक्षा १९८७ मध्ये सुरू झाली आणि केंब्रिजला गणितासाठी जाणाऱ्या मुलांना ती आजही द्यावी लागते. गंमत म्हणजे तिथे मुलाखत आधी आणि पेपर नंतर. डिसेंबरात मुलाखत, मग सशर्त प्रवेश, आणि ती शर्त उन्हाळ्यातल्या या पेपरांत पुरी करायची. जागा साधारण अडीचशे. विद्यापीठ त्याहून पुष्कळ जास्त मुलांना होकार देतं, कारण शर्त पुरी न झाल्यानं बरीच गळणार हे आधीच धरलेलं असतं. प्रत्येक पेपर तीन तासांचा, त्यात १२ प्रश्न, प्रत्येकी २० गुण, आणि तुम्ही कितीही सोडवलेत तरी सर्वांत चांगले सहाच मोजतात. कॅल्क्युलेटर नाही.

पहिल्यांदा पेपर हातात घेतला तेव्हा मी सवयीनं पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली आणि दीड तास त्यातच घालवला. अर्धा पेपर सोडून द्यायची मुभा आहे, नव्हे, तो सोडूनच द्यायचा आहे, हे पचायला वेळ लागला. शाळेत कोरं सोडणं म्हणजे पाप. इथे कुठला प्रश्न सोडायचा हे ओळखणं हाही परीक्षेचाच भाग.

त्या पेपरांतली दुसरी गोष्ट मात्र माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला. तिथल्या प्रश्नांची एक ठरलेली घडण असते. आधी एखादी छोटी, बरीचशी निरुपद्रवी वाटणारी गोष्ट सिद्ध करायला सांगतात. मग एक शब्द येतो, 'यावरून'. यावरून अमुक सिद्ध करा. हे दुसरं अमुक एकट्यानं पुढ्यात आलं असतं तर आपण गार पडलो असतो. पण पहिल्या भागानं एक दार किलकिलं करून ठेवलेलं असतं आणि परीक्षक त्या एका शब्दानं तिकडे बोट दाखवतो. थोडक्यात, प्रश्नपत्रिकेतच हिंट छापलेली असते. ती नुसती घ्यायची मुभा असते असंही नाही, घ्यावीच लागते. 'यावरून' म्हटलेलं असताना तुम्ही तिसऱ्याच वाटेनं तेच सिद्ध केलंत तर गुण जाऊ शकतात. कधी कधी 'यावरून किंवा अन्य रीतीनं' असं लिहिलेलं असतं, तेव्हा तुम्ही मोकळे. आणि तेव्हाही शहाणा माणूस आधी 'यावरून'कडे वळून बघतो.

मी हे पेपर महिनोन्महिने सोडवले. 'यावरून' शेकडो वेळा वाचलं. कागदावरची हिंट मला अपमान वाटली नाही, कारण ती सगळ्यांनाच होती आणि ती देणारा माणूस समोर दिसत नव्हता. तीच हिंट खिडकीजवळच्या बाईंनी दिली तेव्हा मला ऐकू आलं ते असं: तुला जमत नाहीये.

*

मराठी माणसाला केंब्रिजच्या गणिताची ओळख एका शब्दानं झाली, रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या पदवी परीक्षेत, ट्रायपॉसमध्ये, पहिल्या वर्गात आलेला. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये त्या परीक्षेत सीनियर रँग्लर झाले, आणखी एका विद्यार्थ्याबरोबर पहिल्या जागेवर. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. तेव्हापासून रँग्लर हा शब्द आपल्याकडे त्यांच्या नावाला असा चिकटला की जणू तो त्यांच्या नावाचाच भाग. पण त्या जुन्या ट्रायपॉसबद्दल वाचलं की थोडं दचकायला होतं. दिवसचे दिवस चालणारे पेपर, वेगाला अफाट महत्त्व, आणि त्यासाठी पैसे घेऊन तयारी करून घेणारे खाजगी शिक्षक. एडवर्ड राउथ हे त्यांतले सर्वांत नावाजलेले. दोन डझनांहून अधिक सीनियर रँग्लर त्यांच्या हाताखालून गेले. कोचिंग ही आपल्या काळाची कीड आहे असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. पुढे हार्डींसारख्या गणितज्ञांनी या शर्यतीविरुद्ध आवाज उठवला. हार्डी स्वतः १८९८ चे चौथे रँग्लर, त्यामुळे आंबट द्राक्षं म्हणून त्यांना झटकणं कुणाला फारसं सोपं नव्हतं. क्रमवार यादी लावण्याची पद्धत १९०९ पर्यंत चालली, मग बंद झाली.

(आणि १८९० मध्ये फिलिपा फॉसेट या मुलीला सीनियर रँग्लरपेक्षा जास्त गुण मिळाले, तेव्हा यादी वाचताना तिचं स्थान 'सीनियर रँग्लरच्या वर' असं जाहीर केलं गेलं. बायकांना क्रमांक नव्हता. पदवीही नव्हती. केंब्रिजनं ती त्यांना द्यायला १९४८ उजाडलं.)

मला त्या यादीपेक्षा जास्त जवळचा वाटतो तो गणिताच्या इतिहासातला सर्वांत प्रसिद्ध नापास उमेदवार. एव्हारिस्त गाल्वा. पॅरिसच्या इकोल पोलितेक्निकची प्रवेश परीक्षा त्यानं दोनदा दिली, १८२८ मध्ये आणि १८२९ मध्ये, आणि दोन्ही वेळा तो नापास झाला. परीक्षा तोंडी असायची, फळ्यापाशी उभं राहून. दुसऱ्या खेपेच्या थोडंच आधी त्याच्या वडिलांनी आत्महत्या केली होती, हे विसरून त्या परीक्षेबद्दल बोलणं अन्यायाचं होईल. त्यानं चिडून परीक्षकाला डस्टर फेकून मारलं अशी एक आख्यायिका आहे. आख्यायिकाच असावी, पण इतकी लोभस आहे की ती मरणार नाही. डस्टरपेक्षा मला दुसरी गोष्ट खरी वाटते, ती म्हणजे तो पायऱ्या मनातल्या मनात करायचा, एकदम शेवटाकडे उडी मारायचा, आणि समोरच्याला मधलं काही दिसायचंच नाही. हिंटची गरज इथे परीक्षकाला होती. गाल्वानं ती दिली नाही, किंवा ती द्यायची असते हे त्याला कधी सुचलंच नाही. विसाव्या वर्षी द्वंद्वात मेला आणि मागे ठेवलेल्या कागदांवरून गणिताची एक अख्खी शाखा उभी राहिली.

अर्थात, आपण सगळेच गाल्वा नसतो. नाकारल्या गेलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी तो एकदा तरी येऊन जातो, आमच्याकडेही आला होता, आणि त्याचा काडीचा उपयोग होत नाही.

मुलाखत म्हणजे हिंट देणाऱ्या दोन भल्या माणसांची खोली, असं मी लिहितेय खरं, पण ते नेहमीच तसं नसतं. मॉस्को विद्यापीठाच्या गणित विभागात १९७० आणि ८० च्या दशकांत ज्यू मुलांना वेगळे काढून तोंडी परीक्षेत खास प्रश्न घातले जात. त्या प्रश्नांना नावच पडलं होतं, शवपेट्या. त्यांची रचना क्रूर हुशारीची होती. उत्तर अगदी छोटं, दोन ओळींचं, म्हणजे नंतर कुणी दाद मागितली तर म्हणता यावं, एवढं सोपं होतं आणि याला आलं नाही. पण ते छोटं उत्तर सापडण्याची वाट जवळजवळ बुजवलेली. मी त्यांतले काही प्रश्न सोडवून पाहिले आहेत. आठवडा गेला. एडवर्ड फ्रेंकेल हा सोळा वर्षांचा मुलगा १९८४ मध्ये असाच बाहेर काढला गेला, तेल आणि वायूच्या संस्थेत शिकला आणि एकविसाव्या वर्षी हार्वर्डनं त्याला बोलावून घेतलं. त्याच्या आधी बेला सुबोतोव्स्काया या बाईंनी अशा मुलांसाठी स्वतःच्या घरी गणिताचे वर्ग सुरू केले होते, १९७८ मध्ये. विद्यापीठातले चांगले गणितज्ञ तिथे येऊन फुकट शिकवत.

शवपेटीची गोष्ट मी मुलांना सांगते ती एवढ्यासाठीच: ज्या प्रश्नात हिंट नाही, तो तुम्हाला आत घेण्यासाठी विचारलेलाच नसतो.

*

नकारानंतर मी दुसऱ्या विद्यापीठात गेले, गणितच केलं, आणि तिथे वर्षभरात माझा जुना हिशेब मोडला. कुणी उपदेश केला म्हणून नाही. विश्लेषण (अ‍ॅनॅलिसिस) या गणितातल्या विषयाचा गृहपाठ एकटीला सुटेना म्हणून. पहिल्या सहा आठवड्यांत मी तीनदा रडले आणि चौथ्यांदा शेजारच्या खोलीचं दार वाजवलं. आतली मुलगी जमिनीवर कागद पसरून बसली होती आणि तीही त्याच प्रश्नावर अडली होती. तिनं मला हिंट दिली नाही. ती म्हणाली, "तू कुठपर्यंत आलीस ते सांग." मी सांगायला लागले आणि तिसऱ्या वाक्याला मला माझीच चूक ऐकू आली.

पोया या हंगेरियन गणितज्ञानं आयुष्यातला बराच काळ गणित सुटतं कसं याचा विचार करण्यात घालवला. शिक्षकांना त्याचं सांगणं असे की विद्यार्थ्याला मदत करावी, पण बेतानं. कामातला रास्त वाटा त्याच्याकडेच उरला पाहिजे. हे वाचलं तेव्हा त्या खिडकीजवळच्या बाई मला नव्यानं दिसल्या. त्यांनी मला लॉग घ्यायला सांगितलं नव्हतं. आलेख काढायला सांगितलं नव्हतं. ई चं नावही घेतलं नव्हतं. अ इकडे, ब तिकडे, एवढंच. बाकीचं माझं होतं. इतकी नेमकी मापून दिलेली हिंट मला आजही देता येत नाही. मी एक तर भसकन सगळं सांगून टाकते, नाही तर ताणून धरते आणि मूल कोमेजून जातं.

आणि एक गोष्ट मला पुष्कळ वर्षांनी कळली. शिकवताना, फळ्यापाशी, दुसऱ्याच कशाच्या तरी मध्ये. माझीही वाट बरोबर होती. अ हा ब पेक्षा लहान. म्हणून अ चा ब वा घात घेतला तर त्यात अ चा अ वा घात पुरा मावतो, म्हणजे त्याला त्यानं निःशेष भाग जातो. पण अ चा ब वा घात म्हणजेच ब चा अ वा घात. म्हणजे अ च्या अ व्या घातानं ब च्या अ व्या घाताला भाग जातो. दोघांवर घात एकच आहे, तो उतरवला की अ नं ब ला भाग जातो. मोठी संख्या लहानीच्या पटीत असलीच पाहिजे. एवढी एकच पायरी त्या दिवशी कमी पडली होती. खडू हातात धरून मी थोडा वेळ तशीच उभी राहिले आणि मुलांना वाटलं मी काहीतरी विसरले.

तेव्हापासून तो प्रसंग माझ्या मनात थोडा वेगळा उभा राहतो. मी हिंट नाकारली, यात तितकंसं बिघडलं नव्हतं. चांगली वाट हातात असताना कुणी दुसरीकडे बोट दाखवलं तर नको म्हणायला हरकत नाही. पण माझ्या हातात वाट आहे हे त्या दोघांना कळणार कसं होतं? कागद माझ्या पुढ्यात, कोपरानं झाकलेला. मी एवढं जरी म्हटलं असतं की मोठी संख्या लहानीच्या पटीत आहे असं वाटतंय पण का ते जमत नाहीये, तर त्या बाईंनी आपली हिंट मागे घेऊन त्या वाटेवरची दुसरी दिली असती, याची मला आज खात्री आहे. त्या मदत करायलाच बसल्या होत्या. मी त्यांना अडवून ठेवलं होतं.

*

आता मुलं मोठ्यानं विचार करायला शिकून येतात. सगळीकडे हाच सल्ला दिला जातो, मीही देते, आणि त्याचंही आता पाठांतर होऊ लागलं आहे. गेल्या हिवाळ्यात एक मुलगा प्रत्येक हिंटवर "इंटरेस्टिंग!" म्हणायचा, भुवया उंचावून, आणि मग जे करत होता तेच पुढे करायचा. दुसरा न अडकताच अडकल्याचं नाटक करायचा, कारण सरळ सुटलं तर 'थॉट प्रोसेस' दिसत नाही, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. ज्या घरांत जेवताना वाद घालायची मुभा असते तिथली मुलं या खोलीत सहज बोलतात. बाकीची बोलायला शिकतात, आणि शिकलेलं शिकलेलं दिसतं. ही पद्धत न्याय्य आहे का, असं कुणी विचारलं तर मी हो म्हणणार नाही. लेखी पेपर जास्त न्याय्य आहे का, यालाही नाही.

एक मुलगी मात्र मनात राहिली आहे. ऑनलाइन मॉक होता, पडद्यावर आम्ही दोघी आणि मधे एक पांढरी पाटी. ती फार बोलकी नव्हती. निवेदन साधं होतं, शिक्षकांचं शिफारसपत्र त्याहून साधं. मी तिला तोच प्रश्न दिला. गेली काही वर्षं मी तो मुद्दाम टाळत होते, त्या दिवशी का दिला कुणास ठाऊक.

दोन आणि चार तिलाही लगेच दिसले. मी म्हटलं, "छान. आणखी?"

ती गप्प झाली. पाटीवर काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मी मोजून दोन मिनिटं थांबले. मग बाईंचं वाक्य, जसं आठवत होतं तसं, तिला दिलं. अ असलेलं सगळं एका बाजूला आणि ब असलेलं सगळं दुसऱ्या बाजूला आणता येईल का, बघ.

तिनं मान वर केली.

"ताई, हे मी कोपऱ्यात लिहून ठेवते, मला ते लागेल असं वाटतंय. पण आधी माझं सांगू का? ब हा अ च्या पटीत असला तर मला पुढचं सगळं येतंय. तो पटीत का असतो, तिथेच मी अडकलेय. तिथून थोडं ढकलाल?"

मी माइक बंद केला. पाणी प्यायले. मग परत चालू केला आणि म्हटलं, "अ चा अ वा घात लिही. आणि तो कुणाकुणात मावतो ते बघ."

पाटीवर तिचा कर्सर हलायला लागला.